भिंतीवरून कपाटात : राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची साठ वर्षे आणि तिथली रंगचित्रे

नंदुरबारला आमच्या लहानपणी नवा सिनेमा शुक्रवारी लागायचा आणि त्याची वर्दी गुरुवारी संध्याकाळीच मिळायची. सायकलच्या कॅरिअरला पोस्टरांची गुंडाळी, हँडलला खळीची बादली आणि खांद्यावर बुटकी शिडी घेऊन एक माणूस स्टेशनच्या रस्त्याने यायचा. आदल्या आठवड्याच्या चित्रावरूनच तो खळीचा ब्रश फिरवी आणि नवे चित्र चिकटवी. पावसाळ्यात अशा थरांचा जाड पापुद्रा भिंत सोडून खाली पडे. आम्ही मुले तो पाण्यात भिजवून एकेक कागद सोडवीत असू आणि मागची कोरी बाजू वर ठेवून वह्या-पुस्तकांना कव्हर घालत असू. उरलेला लगदा मिरचीच्या पोत्यांखाली ओल लागू नये म्हणून अंथरला जाई.

पुढे अनेक वर्षांनी पुण्यात, विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, तसेच एक पोस्टर पाहिले. सपाट खणातून, दोन्ही हातांवर तोलून, झोपलेले मूल उचलावे तसे ते बाहेर काढले गेले. घडीच्या रेषेवर कागद विरला होता. रंग मात्र जागच्या जागी होता. कुणीतरी हाताने काढलेला, सुरीच्या पात्याने ओढलेला, जिवंत रंग.

संग्रहालयाच्या साठ वर्षांनिमित्त त्याचा इतिहास लिहायचे काम आले तेव्हा तो खणच आधी डोळ्यांसमोर आला. संस्थेने वाचवलेल्या चित्रपटांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण फिल्मच्या डब्यांबरोबर इथे पोस्टर, शो-कार्ड, लॉबी कार्ड, गाण्यांच्या चोपड्या, स्थिरचित्रे आणि काचेच्या स्लाइड असा हजारोंनी मोजावा लागणारा कागद-काचेचा ठेवाही जमला. स्थिरचित्रे तर लाखाच्या वर आहेत. विसाव्या शतकातल्या भारतीय लोकांनी रोज रस्त्यावर पाहिलेली चित्रकला इतक्या मोठ्या प्रमाणावर जपणारी दुसरी सार्वजनिक जागा सहज सांगता येणार नाही. म्हणून हा इतिहास मी कागदाच्या बाजूने सांगतो.

स्थापनेपूर्वी : १९१३ ते १९६३

भारतीय सिनेमा जन्मला तोच चित्रकार आणि छापखानेवाल्यांच्या घरात. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. राजा रविवर्म्याच्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यासाठी त्यांनी शिळाछपाईचे काम केले आणि पुढे स्वतःचा छापखाना काढला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा जाहिरात कशी करावी हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. सुरतेत पहिल्या खेळाला जेमतेम तीन रुपये जमले, तेव्हा ५७ हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत अशी जाहिरात त्यांनी दिली आणि गर्दी लोटली, असे सांगतात. सुरत म्हणजे आमच्या तापी खोऱ्याच्या रेल्वेचे एक टोक, म्हणून हा किस्सा आमच्याकडे जरा अधिक आपुलकीने ऐकला जातो.

पण जाहिरातीला चित्र दिले ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. पेंटर म्हणजे मूळचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी घरीच बनवलेल्या कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. चित्रपटाबरोबर रंगीत पोस्टर आणि छापील माहितीपत्रक देण्याची रीत त्यांनीच रुजवली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे पोस्टर आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या चित्रमय भारतीय पोस्टरांत गणले जाते. ‘सैरंध्री’ आज पाहायला मिळत नाही. तो ज्या हातांनी घडवला त्या हातांचे वळण कळते ते अशा कागदांवरून.

त्याच कंपनीत तयार झालेले विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर १९२९ मध्ये बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णींच्या साथीने त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. फत्तेलाल मुळात चित्रकार. प्रभातच्या सिनेमाची चौकट, नेपथ्य, वेशभूषा आणि जाहिरात ही सगळी एकाच डोळ्याने पाहिलेली वाटते, त्याचे कारण हे.

त्या काळचे पोस्टर म्हणजे शिळाछापाचे काम होते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, पुढे जस्ताचा पत्रा, आणि त्यावर तेलकट खडूने उलटे काढलेले चित्र. चार-पाच रंग एकावर एक नेमके बसले तरच चेहरा चेहऱ्यासारखा दिसे. कागद स्वस्तातला, कारण त्याने आठवडाभरच टिकायचे होते. चित्रपटगृहाच्या दारात एक-दोन आण्यांना मिळणारी चोपडी त्याहून साधी असे. वर चित्र, आत दोन-तीन भाषांत कथासार आणि शेवटी गाणी. खानदेश वितरकांच्या हिशेबात सी.पी.-बेरारमध्ये, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडात, मोडे आणि भुसावळ हे त्या व्यवसायाचे मोठे ठाणे होते. तिथून रेल्वेने फिल्मच्या पेट्या सुटत, त्यांतच हा कागदही येई. पेटी परत जाई. कागद मागे राही आणि संपे.

चित्रपटाचीही गत फार वेगळी नव्हती. १९५० च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची. ती भडकन पेट घेई, आणि पेटली नाही तर वर्षानुवर्षांनी चिकट होऊन भुकटी होई. तिच्यातल्या चांदीसाठी भंगारवाल्याकडे गेलेल्या रिळांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मूकपटाच्या काळात हजाराहून अधिक चित्रपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पूर्ण किंवा अर्धेमुर्धे उरले. १९३१ चा पहिला बोलपट ‘आलमआरा’ गेला तो गेलाच. छायाचित्रे आणि जाहिराती तेवढ्या राहिल्या.

१९६० मध्ये प्रभातच्या जागेत सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली आणि जुने चित्रपट दाखवल्याशिवाय नवे दिग्दर्शक कसे घडवायचे हा प्रश्न रोजचा झाला.

साठचे दशक : पहिली कपाटे

फेब्रुवारी १९६४ मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रालयाने पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन केले. सुरुवातीला माणसे थोडी, जागा थोडी आणि संग्रह त्याहून थोडा. ग्रंथाची प्रत सरकारी ग्रंथालयात देण्याचा जसा कायदा आहे तसा चित्रपटाची प्रत इथे देण्याचा कायदा नव्हता, आजही नाही. म्हणजे जे काही यायचे ते मागून, समजावून, प्रसंगी विनवून.

१९६५ मध्ये परमेश कृष्णन नायर सहायक अभिरक्षक म्हणून रुजू झाले. तिरुअनंतपुरमच्या या माणसाला लहानपणी सिनेमाची तिकिटे जमवायची सवय होती. खिडकीवर फाडून दिलेला तो चतकोर कागद ज्याला टाकवत नव्हता, त्याच्या हाती हे काम आले, ही संस्थेची पुण्याई. नायर गावोगाव हिंडले. बंद पडलेल्या कंपन्यांची गोदामे, निर्मात्यांच्या वारसांची घरे, प्रयोगशाळांचे तळघर, भंगाराची दुकाने काहीच त्यांनी वर्ज्य मानले नाही. फाळके कुटुंबाकडून ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे आणि ‘कालिया मर्दन’चे भाग हाती आले. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी ज्यात कृष्ण झाली आहे तो हा १९१९ चा चित्रपट. आज तो आपण पाहू शकतो, ते या धडपडीमुळे.

डब्यांबरोबर कागद कसा आला हे समजून घ्यायला हवे. एखाद्या निर्मात्याचे कपाट उघडले की फिल्मच्या शेजारी पोस्टरांची बंडले, फोटोसेट, चोपड्यांचे गठ्ठे असत. वारसांना जागा मोकळी करायची असे आणि ते म्हणत, हेही न्या. दुसऱ्या कुणी फिल्म घेऊन कागद नाकारला असता. इथल्या मंडळींनी तो घेतला, धूळ झटकली आणि नोंद केली. नायरांचे नाव आपण घेतो, पण नोंदवहीत एकेका पोस्टरचे नाव, भाषा आणि साल लिहिणारी, खळीला लागलेली वाळवी काढणारी माणसे वेगळी होती. त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत. संग्रह उभा आहे तो त्यांच्या अक्षरांवर.

१९६९ मध्ये संस्था चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाली. पाच वर्षांच्या संस्थेसाठी हे मोठेच पाऊल होते. परदेशी संग्रहालयांशी चित्रपटांची देवाणघेवाण सुरू झाली, आणि तिथे पोस्टर हे कलावस्तू म्हणून वेगळ्या विभागात ठेवले जाते ही दृष्टीही इथे आली.

सत्तरचे दशक : दारे उघडली

हा संस्थेच्या तारुण्याचा काळ. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांचा विधी महाविद्यालय रस्त्यावरचा दगडी बंगला संग्रहालयाचा पत्ता झाला. पुणे विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंच्या घरात देशभरचा सिनेमा राहायला आला. त्या बंगल्याच्या जिन्यावर, व्हरांड्यात आणि झाडांखाली चित्रपटांवर झालेल्या चर्चा पुण्याच्या एका पिढीला पाठ आहेत.

चित्रपट शिक्षणसंस्थेचे प्रा. सतीश बहादूर आणि नायर यांनी याच दशकाच्या मध्याला चित्रपट रसास्वादाचे उन्हाळी शिबिर नावारूपाला आणले. शिक्षक, पत्रकार, बँकेतले कारकून, डॉक्टर अशी नाना व्यवसायांची माणसे महिनाभर येऊन सिनेमा पाहू लागली. १६ मिलिमीटरच्या प्रतींचे ग्रंथालय निघाले आणि फिल्म सोसायट्यांना डबे रेल्वेने जाऊ लागले. कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यात निनासम संस्थेने शेतकऱ्यांना ‘पथेर पांचाली’ आणि ‘बायसिकल थीव्हज’ दाखवले, त्यामागे हेच ग्रंथालय होते. खेडे म्हणजे फक्त मारामारीचा सिनेमा पाहणार, ही समजूत तिथे खोटी ठरली. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराशेजारी तंबूतला सिनेमा पाहत वाढलेल्या मला त्याचे मुळीच आश्चर्य वाटत नाही.

१९७४ मधली एक कामगिरी इथे सांगितलीच पाहिजे. ‘मार्तंड वर्मा’ हा १९३३ चा मूकपट ज्या मल्याळम कादंबरीवर काढला होता, तिच्या प्रकाशकाने हक्काचा दावा लावला आणि चित्रपट थांबला. प्रत त्या पुस्तकाच्या दुकानातच पडून राहिली. जनतेने तो फारसा पाहिला नाही, म्हणूनच तो झिजलाही नाही. चाळीस वर्षांनी तो संग्रहालयात आला.

बाहेर भिंतींवर याच दशकात पोस्टरकलेला बहर होता. दिवाकर करकरे छायाचित्रावर सुरीने रंग ओढून चेहऱ्याला संताप देत होते. ‘दीवार’चे पोस्टर आठवा. कोल्हापूरच्या जी. कांबळ्यांनी शांतारामबापूंच्या चित्रपटांसाठी आणि ‘मुगल-ए-आझम’च्या प्रसिद्धीसाठी रंगवलेल्या भव्य फलकांची आठवण अजून ताजी होती, आणि त्यांनीच काढलेले शिवछत्रपतींचे चित्र सरकारी कचेऱ्यांत लागले होते. गुलबर्ग्याच्या एस. एम. पंडितांची शो-कार्डे त्याआधीच्या पिढीची. मराठी नाटक-सिनेमाच्या नावांना कमल शेडगे अक्षररूप देत होते. शेडग्यांचे अक्षर पाहून नाटक विनोदी की गंभीर हे न वाचताच कळे. ही सगळी माणसे तेव्हा ‘जाहिरातवाले’ म्हणून ओळखली जात. कलादालने त्यांना दारात उभे करत नसत. संग्रहालयात मात्र त्यांचे काम चित्रपटाच्या नावाखाली क्रमाने लागत गेले. कुणी मुद्दाम कलासंग्रह करायचा म्हणून केला नाही. सिनेमाचे काहीच टाकायचे नाही या एका नियमाने तो होत गेला.

ऐंशीचे दशक

१९८२ मध्ये नायर संस्थेचे प्रमुख झाले. बंगळुरू, कोलकाता आणि तिरुअनंतपुरम इथल्या प्रादेशिक कार्यालयांमुळे त्या त्या भाषांमधली सामग्री गोळा करणे सोपे झाले. व्हिडिओ आला, जुनी चित्रपटगृहे एकामागून एक अडचणीत आली आणि त्यांच्या माळ्यांवरचे सामान रद्दीत निघू लागले. संग्रहालयापर्यंत त्यातले जे पोचले ते थोडे. जे पोचले नाही त्यात आमच्या जिल्ह्यांचा कागद फार मोठा असणार, याची मला खंत आहे.

नव्वदचे दशक : नवी इमारत, जुना मूकपट

एप्रिल १९९१ मध्ये नायर निवृत्त झाले. तोवर सुमारे १२ हजार चित्रपट जमा झाले होते, त्यांतले आठ हजारांच्या आसपास भारतीय. नंतर आलेल्या सुरेश छाब्रियांनी मूकपटाच्या अभ्यासाला बळ दिले. १९९४ मध्ये इटलीतल्या पोर्देनोने इथल्या मूकपट महोत्सवात भारतीय मूकपटांचा मोठा विभाग झाला आणि त्यासोबत त्यांनी संपादित केलेला ‘लाइट ऑफ एशिया’ हा ग्रंथ निघाला. चित्रपट तोकडे होते. ती पोकळी भरायला स्थिरचित्रे, माहितीपत्रके आणि जाहिराती पुढे आल्या. हरवलेल्या चित्रपटाचे कपडे, दागिने, नेपथ्य, नटाची उभे राहण्याची ढब, हे सगळे कागदावरून वाचता येते हे अभ्यासकांच्या पुरते ध्यानात आले.

संस्थेला विधी महाविद्यालय रस्त्यावर स्वतःची इमारत मिळाली. तळघरांत थंड ठेवलेले फिल्मचे कक्ष, प्रेक्षागृह, ग्रंथालय आणि कागदपत्रांचा विभाग एका छपराखाली आला.

याच सुमाराला रस्त्यावरचे चित्र बदलले. ऑफसेट छपाईने छायाचित्र सोपे केलेच होते, आता फ्लेक्स आला. फलक रंगवणाऱ्यांच्या शाळा दोन-चार वर्षांत ओस पडल्या. बांबूच्या परांच्या बांधून चाळीस फुटी चेहरा चौकोन-चौकोनांनी मोठा करणारे कलाकार दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. आणि नेमके तेव्हाच मुंबईच्या चोरबाजारात जुन्या पोस्टरला गिऱ्हाईक आले. रद्दी म्हणून विकला गेलेला कागद लिलावात मोठ्या किमतीला जाऊ लागला. संग्रहालयाने तीस वर्षे किंमत न पाहता ठेवलेले गठ्ठे आता राष्ट्रीय ठेवा ठरले.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या इतिहासाशी त्याचा थेट संबंध नाही, पण जिल्ह्याचे दप्तर लावताना आमच्याकडे किती जुना कागद टाकला गेला ते पाहिले असल्याने, कागद जपणाऱ्या संस्थेचे मोल मला तेव्हा पहिल्यांदा नीट उमगले.

२००० ते २०१० : आगीची जखम

८ जानेवारी २००३ रोजी प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठीला आग लागली. नायट्रेट पेटली की विझवणे जवळजवळ अशक्य. ती स्वतःच प्राणवायू सोडते, पाण्याखालीही जळते. शेकडो चित्रपटांची हजारो रिळे गेली, त्यांत प्रभातच्या मूळ निगेटिव्हही होत्या. अनेक चित्रपटांच्या सुरक्षित फिल्मवर घेतलेल्या प्रती आधीच तयार असल्याने ते वाचले. पण मूळ ते मूळ. ‘आलमआरा’ही त्या आगीत गेल्याची बातमी तेव्हा पसरली होती. नायरांनी स्पष्ट केले की तो संग्रहात कधीच आला नव्हता.

संस्थेच्या साठ वर्षांतला हा सर्वांत दुःखाचा दिवस. तो झाकून स्मरणिका काढता येणार नाही. मात्र त्यानंतर सगळ्यांनी कंबर कसली हेही तितकेच खरे. कोथरूडला दुसरा परिसर उभा राहिला, तापमान आणि दमट हवा नियंत्रित करणारे नवे कक्ष झाले, साठवणुकीचे नियम कडक झाले. कागदालाही त्याचा लाभ झाला. स्वस्त लगद्याच्या कागदात आम्ल असते आणि ते त्याला आतून पिवळा, ठिसूळ करते. अशा पोस्टरची घडी मोडणे, त्याला ओलसर हवेत हळूहळू सपाट करणे, मागून पातळ जपानी कागदाचा आधार देणे आणि आम्लमुक्त पाकिटात आडवे ठेवणे, ही कामे चिकाटीची आहेत. एका पोस्टरवर दिवसच्या दिवस जातात आणि काम नीट झाले तर ते दिसतच नाही.

२०१० ते २०२० : शंभरी आणि निरोप

२०१३ मध्ये भारतीय सिनेमाची शंभरी झाली आणि संग्रहालयाची दारे पुन्हा वाजू लागली. प्रदर्शने, ग्रंथ, माहितीपट, सगळ्यांना जुने पोस्टर हवे होते. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा नायरांवरचा माहितीपट ‘सेल्युलॉइड मॅन’ २०१२ मध्ये आला आणि संग्रहालय म्हणजे काय हे सर्वसामान्य प्रेक्षकाला पडद्यावर दिसले. अंधारात बसून छोट्या विजेरीच्या उजेडात टिपणे काढणारे नायर ज्यांनी पाहिले, त्यांना ते विसरता येत नाहीत.

याच काळात राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान मंजूर झाले. सुमारे ५९७ कोटी रुपयांच्या या योजनेची जबाबदारी पुण्याकडे आली. प्रत्येक रिळाची तपासणी, डागडुजी, जतन आणि संगणकीय प्रती अशी शिस्तबद्ध कामे सुरू झाली. २०१६ मध्ये फ्रान्सच्या चित्रपट संग्रहालयाकडून १९१९ च्या ‘बिल्वमंगल’चा उरलेला भाग मिळाला. शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यात घडलेले चित्र पॅरिसहून पुण्यात आले.

त्याच वर्षी ४ मार्चला पुण्यात नायर गेले. शेवटपर्यंत ते संग्रहालयाच्या परिसरातल्या खेळांना येत असत.

जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत गुलशन महालात भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. ज्यांना पुण्यातले खण उघडून पाहणे शक्य नाही, त्यांना निदान तिथे सिनेमाच्या जुन्या वस्तू आणि चित्रे भिंतीवर पाहता येतात. पोस्टर मुळात भिंतीसाठीच केलेले असते. कपाटात ते सुरक्षित असते, पण भिंतीवर ते बोलते. या दोन्हींचा मेळ घालणे हे यापुढचे अवघड काम आहे, आणि माझ्या मते संस्थेने त्यात आणखी धीट व्हायला हवे. फिरते प्रदर्शन जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला मूळ कागद लागत नाही, चांगली छापील प्रत पुरते.

२०२० नंतर

महासाथीच्या काळात प्रेक्षागृह बंद होते, पण संग्रह वाढत राहिला. २०२१ मध्ये जुन्या तेलुगू चित्रपटांच्या साडेचारशेच्या आसपास काचेच्या स्लाइड संग्रहात आल्या. आजच्या वाचकाला या स्लाइडची ओळख करून द्यायला हवी. तळहाताएवढ्या काचेवर चित्र आणि अक्षरे असत, पुष्कळदा हाताने रंगवलेली. मध्यंतरात ती यंत्रात सरकवली की पडद्यावर येत्या चित्रपटाची जाहिरात उमटे. आमच्याकडे ‘लवकरच येत आहे’ या स्लाइडला टाळ्या पडत. खाली पडली की ती फुटायची, आणि बहुतेक सगळ्या तशाच फुटून गेल्या. म्हणून या साडेचारशे काचा आज एवढ्या मोलाच्या.

२०२२ च्या मार्चमध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आले. व्यवस्था बदलली, काम तेच राहिले. त्याच वर्षी सुमारे २२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. जयकर बंगल्याची डागडुजी होऊन तो अभ्यासकांसाठी सज्ज झाला आहे. ग्रंथालय, रसास्वाद शिबिर आणि नियमित खेळ चालू आहेत. पोस्टर, स्थिरचित्रे आणि चोपड्या संगणकावर घेण्याचे कामही चालू आहे. एकदा चांगली प्रत निघाली की मूळ कागदाला वारंवार हात लावावा लागत नाही, आणि नंदुरबारच्या शिक्षकालाही ते चित्र वर्गात दाखवता येईल.

संग्रह अपुरा आहे तो छोट्या गावांच्या बाबतीत. मुंबई, कोल्हापूर, पुणे इथल्या कंपन्यांचा कागद बराच आला. पण शहाद्याच्या, तळोद्याच्या, नवापूरच्या खेळांची हँडबिले, तंबूच्या सिनेमाच्या पावत्या, पोस्टरवर वरून चिकटवलेली ‘आजपासून रोज तीन खेळ’ अशी स्थानिक पट्टी, अहिराणीत दवंडी देणाऱ्याच्या हातातला कागद, हे कुठे आहे? चित्रपट मुंबईत बनला. तो पाहिला गेला तो इथे, आणि पाहण्याचाही इतिहास असतो.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा माझ्या आत्याची जुनी पत्र्याची ट्रंक उघडली. लग्नातल्या शालूच्या खाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, गाण्यांच्या सात चोपड्या होत्या. एकीचे मुखपृष्ठ अर्धे फाटलेले, एकीच्या पाठीवर वाण्याचा हिशेब. तिने त्या गाण्यांसाठी ठेवल्या होत्या. मुखपृष्ठावरची चित्रे कुणी काढली हे कुठेच छापलेले नाही. घड्या न मोडता, मध्ये कोरा कागद घालून, मी त्या एका सपाट खोक्यात ठेवल्या आहेत. वाण्याचा हिशेब तसाच राहू दिला आहे. पुढच्या आठवड्यात सुरत-भुसावळ गाडीने निघून भुसावळला पुण्याची गाडी धरायची आहे. खोके सामानात टाकणार नाही, मांडीवर घेऊन बसणार आहे.